नव्या मुलुखातील वाणसामान

यंदाच्या अंकाची कल्पना ‘मुक्काम’ अशी ठरल्याचे संपादकांचे पत्र आले, तेव्हा मनात प्रथम उभे राहिले ते स्वयंपाकघर. कारण माणूस नव्या शहरी बिऱ्हाड करतो तेव्हा भाड्याचा करारनामा एका बैठकीत होतो, नोकरीची कागदपत्रे आठवड्याभरात मार्गी लागतात, परंतु वाण्याच्या दुकानात उभे राहून नेमके काय मागावे, ते कोणत्या प्रतीचे घ्यावे आणि कोणत्या महिन्यात घेऊ नये, हे उमगावयास पुरते एक वर्ष खर्ची पडते. साता समुद्रापार गेलेल्या मराठी कुटुंबांच्या खाण्यापिण्याच्या हालांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. मी मात्र पुण्यापासून महामार्गाने साडेआठशे किलोमीटरांच्या आत असलेले, एका रात्रीच्या बसप्रवासाने गाठता येणारे बंगळूर शहर निवडले आणि तेथील मराठी घरांच्या पिशव्या कशा भरतात हे पाहण्यासाठी बाजारांतून, गिरण्यांतून व ओळखीपाळखीच्या स्वयंपाकघरांतून हिंडलो.

बंगळुराशी मराठी माणसाचा संबंध आजचा नाही. विजापूरकरांच्या फौजांनी १६३८ साली हे शहर घेतल्यानंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि त्या काळापासून येथे स्थायिक झालेल्या मराठा, भावसार, नामदेव शिंपी अशा समाजांची घरे आजही या शहरात आहेत. त्यांची मराठी निराळी आणि त्यांचे जेवण बहुतांशी येथलेच. दुसरी लाट कारखान्यांची. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना उभारला आणि स्वातंत्र्यानंतरच्या सरकारी उद्योगांनी महाराष्ट्रातून अभियंते व कारागीर ओढून आणले. तिसरी लाट संगणकाची. पुण्यात १९८१ साली निघालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळुरास गेली, आणि पुढील दशकांत तिच्या व तिच्यासारख्यांच्या मागोमाग नाशिक, नागपूर, सांगली, लातूर येथील तरुण मंडळी आली, ती अजूनही येत आहेत. या तिसऱ्या लाटेतील घरांची गोष्ट मला प्रामुख्याने सांगावयाची आहे. त्यांच्या तक्रारी ऐकता ऐकता आणि त्यांच्याबरोबर दुकाने पालथी घालता घालता माझे जे मत बनले ते आरंभीच नमूद करतो: मराठी स्वयंपाकघराला बंगळुरात जिन्नस फारसे कमी पडत नाहीत, उणीव भासते ती त्या जिन्नसांच्या माहितगारीची.

तांदूळ, रवा, पोहे

मल्लेश्वरमच्या बाजारभागातील एका जुन्या किराणा दुकानात, उघड्या पोत्यांच्या रांगेसमोर, नाशिकहून नुकतेच आलेले एक जोडपे मोबाइलवरची यादी वाचून दाखवीत होते. तांदूळ, रवा, पोहे, तूरडाळ, शेंगदाणे, भगर; यादी सहा ओळींची, पण वाण्याने प्रत्येक ओळीवर उलट प्रश्न केल्यामुळे खरेदीस बराच वेळ लागला. हे प्रश्न अडवणुकीचे नव्हते. प्रत येथे वेगळ्या खुणांनी ओळखली जाते आणि गिऱ्हाइकाला त्या खुणा ठाऊक आहेत असे वाणी गृहीत धरतो, एवढाच त्याचा अर्थ.

बंगळूरच्या रोजच्या भाताचा तांदूळ म्हणजे सोना मसुरी. तुंगभद्रेच्या कालव्यांखालील गंगावती, सिंधनूर या पट्ट्यातून तो शहरात येतो. दाणा बारीक, शिजल्यावर मोकळा होणारा, आणि सारु किंवा हुळी यांसारख्या पातळ कालवणाला सामावून घेणारा. वाणी दोन गोष्टी विचारतो: कच्चा हवा की वाफवलेला, आणि किती जुना. जितका जुना तितका भात मोकळा व फुगारा अधिक, म्हणून त्याचा भावही चढा. आपल्याकडे आंबेमोहोर वा इंद्रायणी खाणाऱ्या घरांना नेमका याच्या उलट गुण हवा असतो. भाताची मूद पडावी, वरणतूप कालवताना तो किंचित आसट लागावा, ही त्यांची अपेक्षा. त्यामुळे दुकानातला उत्तम व महाग तांदूळ घरी नेऊनही ताट पुरते समाधानाचे होत नाही. जयनगरात अनेक वर्षे राहणाऱ्या, मूळच्या साताऱ्याच्या एका काकूंनी यावर काढलेला तोडगा सोपा आहे. “नवा, कच्चा सोना मसुरी मागायचा आणि पाणी सढळ ठेवायचे. वाण्याला आश्चर्य वाटते, कारण नवा तांदूळ हौसेने मागणारे आपणच,” असे त्या म्हणाल्या. आंबेमोहोराचा सुवास त्यातून येत नाही, पण मऊपणा येतो.

रव्याचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. ‘रवा’ एवढेच म्हटले तर दुकानात निदान चार पोती दाखविली जातात. चिरोटी रवा अगदी बारीक, मैद्याला लागून असलेला. बॉम्बे रवा नावाने मिळणारा मध्यम, जो आपल्या शिऱ्याला व उपम्याला चालतो. बन्सी रवा जाडसर, येथील उप्पिट्टाचा आवडता. आणि इडली रवा, जो गव्हाचा नसून तांदळाचा. ही चौकट ध्यानी आली की पुढचे सारे सुकर होते, पण ती वहीत कोणी लिहून देत नाही. पोह्यांतही जाड, मध्यम आणि कागदासारखे पातळ अशा तीन पायऱ्या असून कांदेपोह्यांना पहिल्या दोन व चिवड्याला तिसरी लागू पडते. राहता राहिली भगर, म्हणजेच वरी. उपासाच्या फराळासाठी ती शोधीत मराठी गृहिणी शहरभर हिंडतात, आणि वरी मात्र त्याच दुकानात, दोन हात पलीकडे, ‘सिरिधान्य’ या पाटीखाली सामे या नावाने मांडलेली असते. कर्नाटकात भरड धान्यांचा प्रसार बराच झाला आहे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेले भरड धान्यांचे वर्ष येऊन गेल्यावर तर राळे, कोदो, वरी यांना बंगळूरच्या दुकानांत मानाची फळी मिळाली. येथे ती पथ्याचे अन्न म्हणून विकली जातात, उपासाचे म्हणून नव्हे. म्हणून ‘उपासाचे सामान’ असे विचारल्यावर वाण्याच्या नजरेसमोर ती येत नाहीत.

निळी पिशवी, केशरी पिशवी

सकाळी सहाच्या सुमारास कोणत्याही वस्तीतल्या नंदिनीच्या टपरीसमोर उभे राहिले तर शहराच्या स्वयंपाकाचा आरंभ दिसतो. नंदिनी ही कर्नाटक दूध महासंघाची मुद्रा. १९७४ साली ज्या व्यवस्थेचा पाया घातला गेला तीत गावोगावच्या दूध संस्था, त्यांवर जिल्हावार संघ आणि सर्वांवर महासंघ अशी उतरंड आहे. राज्य सरकार उत्पादकांना लिटरमागे प्रोत्साहनाची रक्कम देते, त्यामुळे शेतकऱ्याला बरा दर मिळूनही शहरातील गिऱ्हाइकाला दूध तुलनेने स्वस्त पडते. पुण्यामुंबईहून आलेल्या घराला पहिला सुखद धक्का बसतो तो या दराचा, आणि पहिली निराशा होते ती सायीची.

तिचे कारण पिशवीवरच छापलेले असते. निळ्या पिशवीतील टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के, तर कोल्हापूर-सांगलीकडच्या म्हशीच्या दुधात तो ६ ते ७ टक्क्यांपर्यंत जातो. दक्षिण कर्नाटक हा गाईच्या दुधाचा मुलूख. येथील कॉफीला आणि ताकाला हेच दूध मानवते. पण साय साठवून, विरजून, घुसळून लोणी काढावे आणि आठवड्याला घरचे तूप कढवावे, ही ज्या घराची रीत, त्याला निळ्या पिशवीवर विसंबून चालत नाही. अनुभवी मराठी घरे म्हणून चहाकॉफीला निळी आणि विरजणाला ‘शुभम’ची केशरी पिशवी घेतात, कारण तिच्यात स्निग्धांश अधिक, आणि तुपासाठी दावणगेरे बाजूचे पांढरे लोणी मिळाले तर ते आणून कढवितात. दावणगेरे लोण्याच्या डोशासाठी प्रसिद्ध आहे ते उगीच नाही.

नंदिनीविषयी या शहराची ममता किती खोल आहे याचा प्रत्यय एप्रिल २०२३ मध्ये आला. विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना अमूलने बंगळुरात ताजे दूध घरपोच देण्याचे जाहीर केले, तेव्हा वाद पेटला आणि शहरातील हॉटेलमालकांच्या संघटनेने नंदिनीचेच दूध वापरण्याचे आवाहन केले. बाहेरून आलेल्याला हे राजकारण वाटेल, आणि त्यात राजकारण होतेही. तथापि सकाळच्या टपरीपाशी घटकाभर थांबून पिशव्या नेणारे हात पाहिले म्हणजे त्या आवाहनामागची भावना समजते. गोकुळ, कात्रज, चितळे यांविषयी आपल्याकडे जी आपुलकी असते तीच ही, फक्त अख्ख्या राज्याची मिळून एकच.

जुडी, माप आणि अवरेकाई

महाराजा कृष्णराज वडियार यांच्या नावाचा १९२८ सालचा कृष्णराजेंद्र बाजार, ज्याला सारे शहर के. आर. मार्केट म्हणते, तो पहाटे अंधारातच गजबजतो. फुलांचे हार येथे ‘मोळ’ने, म्हणजे हाताच्या मापाने विकले जातात, पालेभाज्या ‘कट्टु’ने, म्हणजे जुडीने, मुरमुरे मापाने, आणि बाकी सारे वजनकाट्यावर. नवख्या गृहिणीने प्रथम शिकावे ते येथील ‘काल किलो’, म्हणजे आपला पाव किलो. ‘अर्धा’ मात्र दोन्हीकडे अर्धाच. भाजीवालीला ‘अक्का’ व भाजीवाल्याला ‘अण्णा’ म्हटले की व्यवहाराचा सूर जुळतो, आणि ‘स्वल्प कम्मी माडी’ एवढे वाक्य आले की घासाघीस करता येते. ज्यांना घासाघीस नको असते त्यांच्यासाठी हॉपकॉम्स आहे. द्राक्ष बागाइतदारांची सहकारी संस्था म्हणून १९५९ साली निघालेल्या या संस्थेची छोटी दुकाने शहरभर विखुरलेली असून दर रोज संस्थेकडून ठरतात व फळ्यावर लिहिले जातात. भाषा न येणाऱ्याला फळ्यावरचा आकडा मोठा आधार देतो.

पालेभाज्यांत मराठी घराला परकेपणा वाटण्याचे कारण नाही. शेपू, जो महाराष्ट्रातील कित्येक घरांत नाक मुरडून खाल्ला जातो, तो येथे सब्बसिगे या नावाने ढिगांनी विकला जातो आणि रोट्टीत, उप्पिट्टात, आमटीत सढळ हाताने पडतो. मेथी, पालक, राजगिऱ्याचा पाला हे सारे आहे. नवलकोल आणि आपण ज्याला चौचौ म्हणतो ती भाजी, या दोन्ही येथे नित्याच्या, आणि त्यांचा स्वाद येथील हुळीत अधिक उमलतो. अडते ते श्रावणघेवडा, कोवळी गवार, भरल्या वांग्याजोगी लहान काटेरी वांगी यांपाशी. ती मिळतात, पण रोज नाहीत आणि सगळ्या दुकानांत नाहीत.

हिवाळा आला की सारा बाजार अवरेकाईने भरून जातो. मागडी व आसपासच्या तालुक्यांतून येणाऱ्या या शेंगा दव खाऊन आल्या म्हणजे त्यांवर एक तेलकट, उग्र सुवास चढतो. त्याला ‘सोगडु’ म्हणतात. गिऱ्हाईक शेंग हातात चोळून हुंगते आणि मगच पिशवी पुढे करते. विश्वेश्वरपुरमच्या खाऊगल्लीशी नाते असलेला, जानेवारीच्या सुमारास भरणारा अवरेबेळे मेळा या एका दाण्याभोवती उभा राहतो. दाणे रात्रभर भिजवून, चिमटीत दाबून, त्यांची साल काढली की जी मऊ डाळ उरते तिला ‘हितकिद बेळे’ म्हणतात. हे पाहताना मला कोकणातील डाळिंब्यांची आठवण होणे अपरिहार्य होते. कडवे वाल भिजवून, मोड आणून, सोलून आपण जे बिरडे करतो ते आणि हे अवरेकाईचे सारु एकाच वनस्पतीच्या भिन्न वाणांपासून होते. ज्या मराठी हातांना वाल सोलण्याची सवय आहे त्यांना हे काम शिकवावे लागत नाही. राजराजेश्वरीनगरातील एका मराठी घरात सासूबाई आणि शेजारच्या कन्नड आजी समोरासमोर बसून एकाच परातीत दाणे सोलताना मी पाहिल्या; भाषा दोघींना परस्परांची बेताचीच येत होती, पण परात वेळेत रिकामी झाली.

गिरणी

नव्या मुलुखात आपल्या घराची चव टिकवावयाची असेल तर आधी गिरणी शोधावी, असे मला अनेकींनी निक्षून सांगितले, आणि गिरणीत बसून मला ते पटले. बंगळूरच्या जुन्या वस्त्यांत पिठाच्या गिरण्या अजून टिकून आहेत. नाचणी हे त्यांचे मुख्य दळण, कारण नाचणीच्या गोळ्यावर, म्हणजे मुद्देवर, दक्षिण कर्नाटकाचे पोषण झाले आहे. त्याखेरीज गहू, तांदूळ, हुळीची पूड, आणि मिरची. मिरचीचे जाते वेगळे, किंवा तिची वेळ शेवटची.

ज्वारीचे महत्त्व येथे कळते. दुकानातील पाकीटबंद ज्वारीचे पीठ बहुधा जुने असते, पिठाची विरी गेलेली असते आणि भाकरी थापताना ती कडेला फाटते. ज्वारी मात्र उत्तम मिळते, कारण विजापूर, कलबुर्गी आणि सोलापूर हा काळ्या मातीचा एकच सलग पट्टा आहे आणि तेथली रब्बी ज्वारी बंगळुरात उत्तर कर्नाटकातील लोकांसाठी येतच असते. त्यांच्या खानावळींतून कडक व मऊ, दोन्ही रोट्ट्या, एण्णेगाई वांगे आणि शेंगदाण्याची चटणी मिळते. सोलापूरच्या माणसाला तेथे घरी आल्यासारखे वाटले तर नवल नाही. म्हणून धान्य आणावे, थोडे थोडे दळावे, आणि ताज्या पिठाची भाकरी करावी. थालीपिठाची भाजणीही अशीच. धान्ये घरी भाजून नेली आणि ‘भरड’ कसे हवे ते एकदा दाखविले की गिरणीवाल्याला पुढील खेपेस सांगावे लागत नाही.

मसाल्याच्या बाबतीत मला जे दिसले ते प्रत्येक मराठी घराने लक्षात ठेवावे असे आहे. आपल्या तिखटाला लाल रंग देणारी ब्याडगी मिरची हावेरी जिल्ह्यातील. तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्यात जिचे नाव आदराने घेतले जाते ती संकेश्वरी बेळगाव जिल्ह्यातील संकेश्वरची. गोड्या मसाल्यात भाजून पडणारी खोबऱ्याची वाटी पुष्कळदा तुमकूर जिल्ह्यातील तिपटूरच्या बाजारातून निघालेली असते, कारण अखंड गोटा खोबऱ्याची ती मोठी पेठ आहे. वरणाची तूरडाळ लातूर-अकोल्याची नसली तर कलबुर्गीची, जिला २०१९ मध्ये मानांकन मिळाले. शेंगदाण्याच्या कुटासाठी लागणारा दाणा चित्रदुर्गातील चळ्ळकेरेच्या बाजूस पिकतो. म्हणजे ज्या जिन्नसांच्या विरहाने मराठी गृहिणी पहिले सहा महिने बेचैन असते, त्यांतील कित्येक तिच्या पुण्याच्या वा सांगलीच्या डब्यांत या मुलुखातूनच गेलेले होते. येथे ते अधिक ताजे मिळतात. मसाला मात्र तयार मिळत नाही. तो भाजावा लागतो, कुटावा लागतो, आणि त्यासाठी उन्हाळ्यात दोन दिवस मोकळे काढावे लागतात. बेगमीची ही जुनी रीत ज्या घरांनी येथे सांभाळली, त्यांच्या तोंडून मी तक्रार क्वचित ऐकली.

दहा मिनिटांत घरपोच

बंगळूर ही घरपोच किराण्याची जन्मभूमी म्हणावी लागेल. ब्रिगेड रोडवर १९३६ मध्ये आलेल्या निलगिरीजपासून या शहराला स्वतःच्या हाताने फळीवरचा माल उचलण्याची सवय लागली. १९९९ मध्ये येथेच फॅबमार्टने संगणकावरून विक्री आरंभिली. बिगबास्केट २०११ साली व स्विगी २०१४ साली याच शहरात निघाल्या. आज व्हाइटफील्ड किंवा सर्जापूर रस्त्यावरील उंच इमारतींत राहणारे मराठी जोडपे बाजाराचे तोंडही न पाहता वर्ष काढू शकते. मोबाइलवर मराठी उच्चाराने शोधले तरी जिन्नस सापडतो, भाषेची अडचण येत नाही, आणि रात्री अकरा वाजताही कोथिंबीर मिळते. नवागताला हा मोठाच आधार आहे आणि त्याचे ऋण मान्य केले पाहिजे.

परंतु ही व्यवस्था मागणीच्या हिशेबावर चालते. वस्तीपुरत्या लहान गोदामात मोजकेच जिन्नस राहतात. ज्यांचा खप त्या वस्तीत जास्त, तेच फळीवर टिकतात. त्यामुळे सोना मसुरीचे दहा प्रकार दिसतील, पण नवा की जुना हे विचारण्यास माणूस नसेल. अवरेकाई येईल, पण तिचा सोगडु हुंगून पाहता येणार नाही. माहितगारी माणसाकडून माणसाकडे जाते, आणि घरपोच पिशवीतून ती येत नाही. म्हणून मला भेटलेल्या शहाण्या घरांनी खरेदीची वाटणी केली आहे: साखर, साबण, तेल मोबाइलवरून, भाजी, धान्य, मिरची पायी जाऊन.

सणाचे ताट

ही माहितगारी सणांच्या दिवशी फळास येते. उगादी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी येतात, कारण दोहोंकडे शालिवाहन शकाची तीच कालगणना. कडुनिंब व गूळ दोघांच्याही तोंडात त्याच सकाळी पडतो. पुरणपोळी येथे होळिगे वा ओब्बट्टु होते, आणि बंगळूर-म्हैसूर बाजूस पुरण तुरीच्या डाळीचे असते, हरभऱ्याचे नसते. मंड्याच्या साच्यातल्या गुळाने ते शिजते. पुरणाच्या येळवणीची कटाची आमटी आपण करतो, तसे येथे ओब्बट्टु सारु होते. संक्रांतीला तीळ, गूळ, शेंगदाणे, खोबरे, डाळे यांचे मिश्रण घरोघर वाटले जाते आणि गोड बोलण्याची तीच विनंती केली जाते. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत नंदीच्या देवळाजवळ कडलेकाई परिशे भरते. नव्या शेंगा घेऊन शेतकरी येतात, पहिला वाटा नंदीला वाहतात, आणि रस्त्याच्या दुतर्फा शेंगांचे ढीग लागतात. वर्षभराचा कूट करण्यासाठी शेंगदाणा निवडावयाचा तर या परिशेसारखी संधी नाही, आणि काही मराठी घरे आता नेमाने तेथे जातात.

गावाहून काय आणावे

दिवाळीनंतर परतणाऱ्या बसगाड्यांच्या पोटात मराठी घरांची खोकी असतात, हे साऱ्यांना ठाऊक आहे. त्या खोक्यांत काय असावे यावर मी अनेकांशी बोललो, आणि त्यांच्या अनुभवाचे सार असे निघते: सुवासिक तांदूळ थोडासा, सणापुरता, घरच्या माणसाच्या हातचा गोडा मसाला, जोवर स्वतः करता येत नाही तोवर, आणि कोकणाशी नाते असेल तर आमसुले. तूरडाळ, खोबरे, मिरची, ज्वारी, शेंगदाणे, पोहे वाहून आणणे म्हणजे या मुलुखातून गेलेला माल भाडे भरून पुन्हा येथेच आणणे होय.

येथील मराठी मंडळांकडे माझी एक विनंती आहे. गणेशोत्सव आणि नाटके ती उत्तम करतात. त्यांच्या जोडीला एक लहानशी पुस्तिका त्यांनी काढावी, जीत जिन्नसाचे मराठी व कन्नड नाव, प्रतीची खूण, हंगाम, आणि कोणत्या भागात चालू गिरणी आहे याची नोंद असेल. शहरात चाळीस-चाळीस वर्षे राहिलेल्या काकू-आजींपाशी ही सारी माहिती आहे, पण ती तोंडी आहे, आणि दरसाल येणारे शेकडो तरुण ती नव्याने, धडपडत गोळा करीत आहेत. चार जणींनी एका हिवाळ्यात बसून लिहून काढण्याजोगे हे काम आहे, आणि पुढच्या जूनमध्ये नोकरीच्या पत्रानिशी उतरणाऱ्या एखाद्या मुलीला पहिल्याच आठवड्यात जमेल असा वरणभात शिजविता आला तर ते सार्थकी लागेल.